लॅम्डा फंक्शन्स लॅपटॉपवर चालवताना: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमच्या कामाचा बराचसा भाग आता एडब्ल्यूएस लॅम्डावर, म्हणजे सर्व्हर न सांभाळता गरजेपुरता कोड चालवणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेवर चालतो. काही फंक्शन्स एपीआयच्या रिक्वेस्टना उत्तरं देतात, काही एस३मध्ये (अ‍ॅमेझॉनची फाइल साठवायची सेवा) फाइल येऊन पडली की ती उघडतात, काही एसक्यूएसच्या (मेसेजच्या रांगा सांभाळणारी सेवा) रांगेतले मेसेज उचलतात. बहुतेक पायथनमध्ये, थोडी नोडमध्ये. हे सगळं वर पाठवण्याआधी लॅपटॉपवर चालवून बघायला मी गेले कित्येक महिने सॅम सीएलआय (लॅम्डासाठीचं अ‍ॅमेझॉनचं कमांड-लाइन टूल) वापरतोय, जोडीला डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल), डायनॅमोडीबी लोकल (अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेसची लॅपटॉपवरची आवृत्ती) आणि पायटेस्ट (पायथनच्या चाचण्या चालवणारं टूल). नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो: लोकलवर चाललं म्हणजे वर चालणारच ना? माझं मत आता पक्कं झालंय. कोड आणि त्याचं पॅकेज यांच्यापुरतं बऱ्यापैकी हो. परवानग्या, वेग आणि एका कॉलमधून पुढच्या कॉलमध्ये उरणारी स्थिती यांच्याबाबतीत लोकलच्या हिरव्या टिकेवर विसंबू नका.

आधी जे उत्तम आहे ते सांगतो. 'सॅम बिल्ड' केलं आणि 'सॅम लोकल इन्व्होक' म्हटलं की फंक्शन्सचं वर्णन असलेली टेम्प्लेट फाइल वाचली जाते, त्या रनटाइमची (पायथन, नोड वगैरे) डॉकर इमेज खाली उतरते, तुमचा तयार कोड तिच्यात जोडला जातो आणि तुम्ही दिलेला जेसन इव्हेंट (फंक्शनला मिळणारा इनपुट) हँडलरच्या, म्हणजे कॉल आला की चालणाऱ्या मुख्य फंक्शनच्या, हातात पडतो. पहिल्यांदा इमेज उतरायला वेळ लागतो, पुढे कमी. 'सॅम लोकल स्टार्ट-एपीआय' केलं तर ३००० पोर्टवर अख्खा एपीआय उभा राहतो आणि फ्रंटएंडवाल्यांना त्यावर काम सुरू करता येतं. ब्रेकपॉइंट लावून हँडलरमधून एकेक ओळ पुढे जाणं हे तर क्लाउडवर लॉग चाळत बसण्यापेक्षा कितीतरी सुखाचं. डीबग पोर्ट दिला की टाइमआउटचं घड्याळ थांबतं, त्यामुळे व्हेरिएबल बघता बघता फंक्शन मध्येच मरत नाही.

पॅकेजिंगसाठी तर हे टूल नसेल तर मी काम सुरूच करणार नाही. मॅकवर 'पिप इन्स्टॉल' करून ते फोल्डर झिप करून लॅम्डावर टाकलं, की ज्या लायब्ररीच्या पोटात सीमध्ये किंवा रस्टमध्ये लिहिलेला भाग आहे ती लिनक्सवर उघडत नाही. नोडमध्ये हीच गोष्ट 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' अशी दिसते. 'सॅम बिल्ड'ला 'यूज-कंटेनर' जोडलं की बिल्डच लॅम्डासारख्या लिनक्समध्ये होतं आणि हा प्रकार मुळातच संपतो. आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार, एआरएम की एक्स८६) मात्र टेम्प्लेटमध्ये स्पष्ट लिहा. २०२१पासून लॅम्डा एआरएमवरही चालतं, पण काही सांगितलं नाही तर एक्स८६ धरलं जातं. एआरएम चिपच्या लॅपटॉपवर एक्स८६ची इमेज अनुकरणातून चालते आणि खूप रेंगाळते. आम्ही शक्य तिथे फंक्शनच एआरएमवर नेली. लॅपटॉप आणि क्लाउड दोन्हीकडे एकच आर्किटेक्चर झाल्यावर रोजचं काम हलकं झालं.

आता वेग. लोकल रनच्या शेवटी रिपोर्टची ओळ येते, त्यात किती मिलिसेकंद लागले आणि किती मेमरी लागली हे छापलेलं असतं. त्या ओळीवरून काहीही ठरवू नका. लॅम्डामध्ये सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो. १,७६९ एमबी दिली तेव्हा एक पूर्ण व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) मिळतो. १२८ एमबीच्या फंक्शनला त्याचा साधारण चौदावा हिस्सा येतो. तुमच्या लॅपटॉपवरचा कंटेनर मात्र पूर्ण कोअर वापरतो. म्हणून पीडीएफ तयार करणारं फंक्शन इथे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर देतं आणि वर तेच फंक्शन तीन सेकंदांच्या मूळ टाइमआउटवर आपटतं. एपीआय गेटवेची (रिक्वेस्ट लॅम्डापर्यंत पोचवणारी सेवा) मुळातली २९ सेकंदांची मर्यादाही लोकलवर लागू होत नाही. मेमरी किती ठेवायची हे क्लाउडवरच मोजायचं, दुसरा मार्ग नाही.

ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो म्हणजे फंक्शनची दोन कॉलमधली स्थिती. क्लाउडवर एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट (फंक्शन ज्यात चालतं ती जागा) एकदा उभं राहिलं की पुढचे कॉलही त्यातच येऊ शकतात. हँडलरच्या बाहेर लिहिलेलं सगळं, म्हणजे डेटाबेस कनेक्शन, कॉन्फिग, एखादी रिकामी यादी, तसंच टिकून राहतं. लोकलवर 'इन्व्होक' प्रत्येक वेळी कोरा कंटेनर उघडतं, आणि 'स्टार्ट-एपीआय'ही मुळात तसंच वागतं. मी हे नव्या लोकांना दाखवण्यासाठी एक छोटं फंक्शन ठेवलंय. फाइलच्या वरच्या भागात रिकामी यादी आणि हँडलरमध्ये प्रत्येक रिक्वेस्टमधलं नाव त्या यादीत जोडणारी एक ओळ, शेवटी यादीची लांबी परत. साध्या लोकलवर कितीही वेळा कॉल करा, उत्तर १. हेच कंटेनर चालूच ठेवणारा 'वॉर्म-कंटेनर्स' पर्याय 'ईगर' ठेवून चालवा: १, मग २, मग ३. आता त्या यादीत नावांऐवजी लॉगिन केलेल्या ग्राहकाच्या ऑर्डर आहेत असं धरा. एकाचा डेटा दुसऱ्याच्या उत्तरात जायला एवढं पुरतं, आणि साध्या लोकल चाचण्यांत ते कधीच दिसणार नाही. म्हणून आमच्या मेकफाइलमध्ये (नेहमीच्या कमांड्सची फाइल) वॉर्म कंटेनरशिवाय एपीआय सुरू करायची कमांडच ठेवलेली नाही.

वॉर्म कंटेनरनेही एक गोष्ट सुटत नाही. हँडलरने उत्तर परत केलं की लॅम्डा ते एन्व्हायर्नमेंट गोठवतं. मागे थ्रेडवर ईमेल पाठवायचं काम सोडून दिलं असेल तर ते अर्धवट थांबतं. पुढचा कॉल आला तर पुढे सरकतं, नाहीतर राहून जातं. डॉकरमधला कंटेनर गोठत नाही, त्यामुळे तिथे ईमेल बिनबोभाट जातो. याला लोकलवर उपाय नाही. रिव्ह्यू करताना कोणी उत्तर परत करण्याआधी काम पूर्ण होण्याची वाट बघितली नसेल, तर तिथे बोट ठेवायचं, एवढंच हातात आहे.

परवानग्यांचं तर सरळ सांगतो: लोकलवर त्यांची चाचणी होतच नाही. कंटेनरमध्ये तुमच्याच एडब्ल्यूएस प्रोफाइलचे क्रेडेन्शियल्स जातात, फंक्शनच्या आयएएम रोलचे (त्याला वर मिळणाऱ्या परवानग्यांचे) नाहीत. डेव्हलपरकडे सहसा भरपूर अधिकार असतात, त्यामुळे जे फंक्शन वर गेल्यावर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून कोलमडणार, ते इथे ऐटीत चालतं. याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये खऱ्या टेबलचं नाव असेल तर लॅपटॉपवरचं फंक्शन खऱ्या टेबलमध्येच लिहितं. लोकल म्हणजे सुरक्षित, हा समज डोक्यातून काढून टाका. आम्ही लोकलसाठी वेगळी व्हेरिएबल फाइल ठेवतो आणि प्रॉडक्शनचं प्रोफाइल डेव्हलपरच्या मशीनवर ठेवतच नाही.

खोटे इव्हेंट आणि खरे इव्हेंट यांत किती अंतर असतं त्याचं एक उदाहरण बारकाईने सांगण्यासारखं आहे. 'सॅम लोकल जनरेट-इव्हेंट' एस३चा नमुना तयार करून देतं, तो चांगलाच आहे, पण त्यातलं फाइलचं नाव साधं इंग्रजी असतं. खऱ्या जगात लोक फाइलला 'मासिक अहवाल' असं नाव देतात. एस३च्या इव्हेंटमध्ये ते नाव यूआरएल एन्कोड होऊन येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट्सचं, प्रत्येक बाइट टक्केवारीच्या खुणेसकट ३ अक्षरांचा. म्हणजे या दोन शब्दांतल्या काना-वेलांटीसह १० चिन्हांची ९० अक्षरं होतात आणि मधल्या स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. पायथनमध्ये 'अनकोट' वापरलं तर टक्के उलगडतात पण अधिक तसाच राहतो. 'अनकोट प्लस'च वापरावं लागतं. चुकीच्या नावाने फाइल मागितली आणि फंक्शनला बकेटची (एस३मधला फाइल्सचा साठा) यादी बघायची परवानगी नसेल, तर एस३ 'अशी फाइल नाही' असं सांगत नाही, ४०३ (परवानगी नाही) देतं. मग माणूस आयएएमची पॉलिसी उलटीपालटी करत बसतो आणि दोष असतो एका अधिकच्या चिन्हात. तेव्हा इव्हेंट्सच्या फोल्डरमध्ये स्पेस आणि देवनागरी असलेला एक नमुना पहिल्या दिवसापासून असू द्या.

डायनॅमोडीबी लोकल मला मनापासून आवडतं. लगेच सुरू होतं आणि क्वेरी तपासायला भरवशाचं आहे. दोन जागी लोक अडतात. पहिली, कंटेनरच्या आतून 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः, त्यामुळे ८००० पोर्टवर काहीच सापडत नाही. दोन्ही कंटेनर एकाच डॉकर नेटवर्कमध्ये टाका आणि नावाने हाक मारा. दुसरी जागा जरा आडबाजूची आहे. 'शेअर्डडीबी' पर्याय दिला नाही तर हे टूल प्रत्येक अ‍ॅक्सेस की आणि रीजनसाठी वेगळा डेटाबेस ठेवतं. टर्मिनलमधून टेबल बनवलं, तिथे ते दिसतंय, पण फंक्शन म्हणतंय टेबलच नाही, असं झालं की आधी हेच तपासा. आणि इथे थ्रूपुटची (सेकंदाला किती वाचन-लेखन) मर्यादा लागू होत नाही, वाचनही इतकं झटपट होतं की लिहिलेलं लगेच दिसतं. क्लाउडवर साधं वाचन काही वेळा जुनी नोंद देऊ शकतं.

रांगेवरच्या फंक्शन्ससाठी मी लोकल कंटेनर जवळजवळ सोडून दिलाय. एसक्यूएसच्या साध्या रांगेत एकच मेसेज दोनदा येऊ शकतो, हे तिच्या करारातच आहे, आणि ते तपासायला कंटेनर लागत नाही. पायटेस्टमध्ये त्याच इव्हेंटने हँडलर दोनदा बोलवायचा आणि टेबलमध्ये नोंद एकच आहे का ते बघायचं. ही चाचणी लिहायला फार तर दहा मिनिटं लागतात आणि ती प्रत्येक रांगवाल्या फंक्शनला असलीच पाहिजे, यावर मी टीममध्ये हटून बसतो. काही मेसेज फसले तर तेवढेच परत रांगेत जावेत म्हणून हँडलर त्यांची यादी परत करतो, तेही इथे तपासता येतं. पण रांग आणि फंक्शनच्या जोडणीत 'रिपोर्ट बॅच आयटम फेल्युअर्स' सुरू केलेलं नसेल, तर लॅम्डा ती यादी बघतच नाही आणि अख्खी बॅच (एकत्र उचललेले सगळे मेसेज) यशस्वी समजून काढून टाकते. मेसेज गेले ते गेलेच. कोड अगदी बरोबर, चाचण्या सगळ्या पास, आणि डेटा गायब. टेम्प्लेटमधली ती एक ओळ आहे का, हे क्लाउडवर मुद्दाम एक सडका मेसेज टाकूनच कळतं.

या सगळ्यातून आमची जी घडी बसली ती अशी. हँडलर पातळ ठेवायचा: इव्हेंट उलगडायचा, आतल्या साध्या पायथन फंक्शनला द्यायचा, उत्तर गुंडाळून परत करायचं. आतल्या भागाच्या चाचण्या डॉकरविना, जिथे एडब्ल्यूएसची नक्कल हवी तिथे 'मोटो' ही पायथन लायब्ररी. कंटेनर फक्त बिल्ड नीट झालं का आणि हँडलर उठतोय का हे बघायला, किंवा डीबगर लावायचा असेल तेव्हा. बाकी सगळं प्रत्येक डेव्हलपरच्या स्वतःच्या छोट्या क्लाउड स्टॅकवर (फंक्शन्स, रांगा, टेबलं यांचा एकत्र संच). 'सॅम सिंक'ला 'वॉच' जोडलं की फाइल सेव्ह होताच बदललेला कोड वर जातो, पूर्ण डिप्लॉयची वाट बघावी लागत नाही. हे फक्त डेव्हलपमेंटच्या स्टॅकसाठी. प्रॉडक्शनवर कधीही नाही. खरा रोल, खरी रांग, खरा सीपीयू. वापरानुसार पैसे असल्यामुळे अशा निवांत पडलेल्या स्टॅकवर लॅम्डाचा खर्च नगण्य असतो. नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून इंटरनेटवर जायची वाट) किंवा मोठा डेटाबेस त्यात अडकवलात तर मात्र मीटर चालूच राहतो, तेवढं बघा.

इतर टूल्सबद्दल थोडक्यात. लोकलस्टॅक ४५६६ या एका पोर्टमागे अनेक सेवांची नक्कल उभी करतं. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणारी तपासणी) इंटिग्रेशन चाचण्यांसाठी ते उपयोगी पडतं, रोजच्या कामात मला जड वाटतं. गूगलचं फंक्शन्स फ्रेमवर्क डॉकरशिवायच चालतं आणि सुरू व्हायला अगदी हलकं आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या कोअर टूल्सबरोबर स्टोरेजची नक्कल करणारं अझुराइट सुरू ठेवावं लागतं, पण टायमर आणि रांगेचे ट्रिगर लॅपटॉपवर खरोखर वाजतात, आणि ही सोय मला सॅममध्ये फार हवीशी वाटते.

सुरुवात करत असाल तर डेव्हलपमेंट स्टॅकमधल्या प्रत्येक फंक्शनच्या लॉगमधून खरा इव्हेंट उचला, त्यातली नावं, फोन नंबर, टोकन्स पुसून टाका आणि ती जेसन फाइल कोडबरोबर गिटमध्ये ठेवा. पायटेस्ट आणि 'सॅम लोकल इन्व्होक' दोघांनाही तीच फाइल द्या. नवीन बग सापडला की त्याचा इव्हेंटही त्याच फोल्डरमध्ये टाकायचा.