टॉर्च-गॅलेक्सिया की लेदर? चार फुटी टाकीतला अंतराचा हिशेब

पऱ्हाटी टोबताना बी केवढं आहे ते कोणी पाहत नाही, झाड केवढं होईल ते पाहतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ (टॉर्च-गॅलेक्सिया दगडी, लेदर मऊ) बसवतानाही हाच हिशेब. फक्त इथलं झाड रात्री हात लांबवून शेजाऱ्याला डसतं.

दगडी प्रवाळांत गॅलेक्सिया सगळ्यात वाईट. दिवसा फुलांच्या गुच्छासारखा, पण दिवे गेले की त्याचे डंखाचे धागे 20 सेंटिमीटर, कधी त्याहूनही लांब सुटतात. पाण्याची ओढ ज्या अंगाला, तिकडे जास्त. चारही बाजूंनी 25 सेंटिमीटर सोडायचं म्हटलं तर 120 बाय 45 च्या टाकीतली निम्मी लांबी जवळजवळ गेली, आणि पुढून-मागून तर काहीच उरत नाही. टॉर्चला साधारण 15 पुरतात. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे टॉर्चचे भाऊबंद अंगाला अंग लावून नांदतात, म्हणून टॉर्चही त्यांच्यात खपेल असं समजू नका. तो दोघांनाही भाजतो.

लेदरचं भांडण वेगळं. तो हात उगारत नाही, पाण्यातच टर्पीन नावाची विषारी रसायनं सोडतो. त्यामुळे एक फूट लांब बसवला म्हणून बाकीचे सुटले असं होत नाही. अॅक्टिव्हेटेड कार्बन सतत चालू ठेवा, दर महिन्याला बदला, पाणीही थोडं थोडं बदलत राहा. अंतर सोडायचं ते त्याच्या पसरणाऱ्या डोक्यासाठी, खाली सावली पडते म्हणून. ग्रीन स्टार पॉलिप मात्र सुट्या दगडावरच ठेवा. मुख्य दगडावर चढला की हरळीसारखा, निघत नाही. झोआंच्या (झोअँथिड, बटणांसारखे छोटे मऊ पॉलिप) काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हातमोजे घाला, आणि तो दगड कधीही उकळू नका, वाफेनेही माणूस दवाखान्यात जातो.

आता कायदा. टॉर्च, हॅमर, गॅलेक्सिया हे सगळे दगडी प्रवाळ. 2001 पासून हा गट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ताडोबातल्या वाघाच्या पंगतीत. दुकानदार काहीही सांगो, माझ्यापुरता प्रश्न तिथंच मिटला.

आपल्या हवेतही लेदरच बरा टिकतो. पारा 45 वर गेला तरी टाकीवर पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, हवा कोरडी ना! उडालेलं पाणी मात्र गोड्या आरओनेच भरा, कारण मीठ मागेच राहतं. गावातल्या जारचं पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजल्याशिवाय ओतू नका. लाइन गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. प्रवाळ कोणताही असो, आधी श्वास मासे सोडतात.

माझ्या टाकीत एक लेदर, दोन दगडांवर मश्रूम प्रवाळ, कोपऱ्यात ग्रीन स्टार. बाबा परवा म्हणाले, "एवढी जागा खाली काहून ठेवली बे?"

लेदर सध्या मुठीएवढा आहे.