ग्रॅच्युइटीसाठी वकील केला, त्याचे चौदा महिने

जुलै २०२४ मध्ये वकीलपत्रावर सही केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल हातात आला. या चौदा महिन्यांत अकरा तारखा पडल्या. त्यातल्या चार तारखांना खरं काम झालं, बाकी सात वेळा पुढची तारीख घेऊन परत. नोकरीच्या भांडणासाठी वकील शोधत असाल तर आधी हे पचवा, मग पुढचं वाचा.

मी स्टोअर क्लार्क. १ एप्रिल २०१२ ला लागलो, ३० नोव्हेंबर २०२३ ला राजीनामा देऊन सुटलो. मधे १ ऑक्टोबर २०१९ ला मालकांनी सगळा धंदा दुसऱ्या नावाच्या कंपनीत वळवला आणि आम्हाला नवीन नियुक्तीपत्रं वाटली. गेट तेच, रॅक तेच, पंचिंगचा नंबरही तोच. ग्रॅच्युइटी मागितली तर उत्तर आलं की तुमची नोकरी चार वर्षं दोन महिन्यांची, पाच वर्षं भरत नाहीत.

पहिला वकील मी आवाज बघून निवडला. फी काही नको, मिळेल त्यातले तीस टक्के द्या, म्हणाले. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात, हे फार उशिरा कळलं. त्यांनी दोन नोटिसा पाठवल्या, दोन्ही कडक भाषेत. पण नोटिशीने मुदत थांबत नाही. कंपनीने नकार दिल्यावर नियंत्रक प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, ९० दिवसांत फॉर्म एन हा अर्ज भरायचा असतो, ते दिवस त्या कडक भाषेतच उडून गेले.

दुसऱ्या वकील मॅडम एका युनियनवाल्या मित्राने सुचवल्या. माझ्यावर अन्याय कसा झाला याची सगळी कहाणी मी पाठ करून गेलो होतो. त्यांनी दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. "काका, ते नंतर. पगाराच्या स्लिपा आणल्यात?" मुदत टळल्याबद्दल मात्र चांगलं झापलं, उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज करावा लागला. तो मंजूर झाला, पण त्यात दोन तारखा गेल्या.

त्याच भेटीत त्यांनी आणखी एक सांगितलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, महिलांनाही मिळतो. तिथे अर्ज करून बघा. पहिल्याच भेटीत जी वकील फुकटचा रस्ता दाखवते ती आपल्याला फसवणार नाही, असा हिशोब करून मी त्यांनाच धरलं. फी टप्प्याटप्प्याने दिली, दर वेळी पावती मिळाली.

माझा आकडाही त्यांनी कापला. मी घरभाडे भत्ता धरून मोठी रक्कम काढली होती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात तो धरत नाहीत. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून माझे २६,०००. भागिले २६, म्हणजे दिवसाचे हजार. प्रत्येक वर्षाला १५ दिवस. अकरा वर्षं आठ महिने झाले, वरचे महिने सहापेक्षा जास्त म्हणून वर्षं धरायची बारा. एकूण १,८०,०००. माझ्या आकड्यापेक्षा बराच कमी, पण कुणाला खोडता न येणारा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१९ च्या स्लिपा त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीने खालचा कोपरा दाखवला. जुन्या कंपनीच्या शेवटच्या स्लिपवर शिल्लक रजा साडेसतरा. नव्या कंपनीच्या पहिल्या स्लिपवर सुरुवातीची शिल्लक साडेसतरा. नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात साडेसतरा रजा कोण देतं? त्या स्लिपा चार वर्षं माझ्याच कपाटात होत्या. मी नेहमी फक्त हातात किती पडले तेवढंच बघायचो.

कंपनीच्या एचआरच्या साक्षीदाराला उलटतपासणीत त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, "सिस्टीममध्ये तसं आलं असेल." आणि मॅडम खाली बसल्या! मी चिडलो, बाहेर आल्यावर बोललोही. असा सापडलेला माणूस सोडला कसा? त्या म्हणाल्या, "त्याचं उत्तर लिहून घेतलंय ना? अजून ढोसलं असतं तर त्याने ते सुधारून घेतलं असतं." निकालात रजेच्या शिलकीचा मुद्दा आला तेव्हा कुठे मला ते बसणं कळलं.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर तिसऱ्या दिवशी, तेही "बघते". दोन तारखांना ज्युनिअरला पाठवलं. त्यातल्या एकाला माझं नावही माहीत नव्हतं, फाइलवर बघून हाक मारली. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं आणि सही संध्याकाळच्या घाईत मागितली. मी अडून बसलो तेव्हा परिच्छेदागणिक मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता रुजू होण्याच्या तारखेतली चूक त्यांनाच सापडली. तेव्हा तुम्हीही अडून बसा. वाईट दिसलं तर दिसू दे.

निकाल माझ्या बाजूने लागला: पूर्ण रक्कम, वर दहा टक्के व्याज. दोन्ही कंपन्यांतली सेवा सलग धरली. कंपनीने ६० दिवसांच्या आत अपील केलं, पण अपील दाखल करायचं तर ग्रॅच्युइटीची रक्कम आधी जमा करावी लागते, म्हणून निदान पैसे त्यांच्या खिशातून बाहेर आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या १९७२ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षावरही ग्रॅच्युइटी आहे. माझी नोकरी त्याआधीच संपली, त्यामुळे माझा हिशोब जुन्या कायद्याचाच.

अपिलाची पहिली तारीख लागली आहे. वकीलपत्र पुन्हा मॅडमच्याच नावाने दिलं. फक्त या वेळी ज्युनिअरचा नंबर आधीच मागून घेतला, आणि त्याला माझं नाव सांगून ठेवलं.