मिनी टॅम्पॉन: माल चांगला, पत्रक अर्धवट

डब्यावर 'मिनी' किंवा 'लाइट' लिहिलेला, अ‍ॅप्लिकेटर (आत सरकवायची नळी) नसलेला टॅम्पॉन, म्हणजे पाळीत योनीत घालायचा शोषक बोळा, पहिल्यांदा वापरणारीसाठी बाजारातली सगळ्यात बरी वस्तू आहे. वस्तूला पाचपैकी चार गुण. आतल्या घडीपत्रकाला मात्र दोनच, कारण सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे एकच उत्तर आहे: अंग सैल सोडा आणि पुन्हा प्रयत्न करा. काही जणींना नेमका हाच सल्ला महागात पडतो.

नागपुरात धरमपेठ, सदर, सीताबर्डीच्या केमिस्टकडे बहुतेक वेळा रेग्युलरच पुढ्यात येतो, तोही काळ्या पिशवीत गुंडाळून. मिनीसाठी ऑनलाइन मागवणं सोपं. एकेक टॅम्पॉन पॅडपेक्षा महाग पडतो, पण मे महिन्यातल्या ४५ अंशांत पॅडने जांघा सोलून निघतात तेव्हा हा खर्च पटतो. २०१८पासून टॅम्पॉनवर जीएसटीही नाही.

माप म्हणजे लांबी नव्हे, शोषण्याची ताकद. अमेरिकी मोजणीनुसार लाइट ६ ग्रॅमपर्यंत शोषतो, रेग्युलर ६ ते ९ आणि सुपर ९ ते १२. अख्ख्या पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटरच रक्त जातं, त्यामुळे सुरुवातीला सुपर घेण्याचं काही कारण नाही. चार-पाच तासांनी काढलेला टॅम्पॉन अर्धा पांढराच असेल तर माप मोठं घेतलंय. असा कोरडा टॅम्पॉन ओढताना खरवडतो, आणि दोष उगाच शरीराला दिला जातो.

अ‍ॅप्लिकेटरवाला घ्यावा का? प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी सहज सरकते हे खरं. पण नळीची जाडी टॅम्पॉनच्या जाडीत मिळवली जाते, आणि आत काय अडतंय ते बोटाला कळत नाही. शिकताना बोटच बरं.

हात धुवा, दोरी एकदा ओढून पक्की आहे ना ते बघा, एक पाय पाटावर किंवा कमोडच्या कडेवर ठेवा. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली थेंबभर लावा. बधिर करणारी लिग्नोकेन जेली नको, कारण दुखणं हीच इथली खूण आहे आणि ती झाकली जाते. दिशा सरळ वर नाही, मागे माकडहाडाकडे. बोटाचं मधलं पेर आत जाईपर्यंत ढकला. नीट बसला तर जाणवत नाही. टोचत राहिला तर तो दाराशीच आहे, आणखी आत सारा. पहिला प्रयत्न जास्त स्रावाच्या दिवशी करा.

एवढं सगळं करूनही जमत नसेल तर अडचण कोणत्या जातीची आहे ते बघावं लागतं, आणि पत्रक इथे गप्प आहे. आत कुठेतरी टोचतंय, तर दिशा चुकली. मांड्या आपोआप आवळतात आणि दाराशी भिंत लागल्यासारखं वाटतं, तर स्नायू आकसताहेत. त्यावर जबरदस्ती नाही, पेल्व्हिक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी लागते. या दोन्हींत बसत नसेल तर योनिपटलाची ठेवण तपासावी.

योनिपटल म्हणजे दार बंद करणारा पडदा नव्हे, तोंडाशी असलेली लवचीक कड. बहुतेकींत ती गोल किंवा चंद्रकोरीसारखी असते आणि टॅम्पॉनला वाट देते. काहींत मधून एक उभा पट्टा जातो आणि एका तोंडाची दोन होतात. काहींत एकच अगदी बारीक छिद्र असतं, काहींत अनेक. या दोन प्रकारांत बोटाचं टोकही जात नाही आणि पाळी थेंबथेंब लांबत राहते. पूर्ण बंद असेल तर पाळीच दिसत नाही, दर महिन्याला ओटीपोट मात्र दुखतं. अशा मुलीला टॅम्पॉन नको, डॉक्टर हवा.

सगळ्यात फसवा तो पट्टा. कोरडा मिनी पट्ट्याच्या एका बाजूने आत जातो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. आत तो फुगतो, आणि काढताना पट्टा आडवा येतो. हिसका द्यायचा नाही. उकिडवं बसा, कडेला जेली लावा, शौचाला करतो तसा हलका जोर द्या आणि ज्या बाजूने घातला त्याच बाजूला तिरका ओढा. निघालाच नाही तर टॅम्पॉन आत ठेवायची आठ तासांची मर्यादा उलटायची वाट न बघता रुग्णालयात जा. ताप, उलटी, अंगावर पुरळ, चक्कर यातलं काही दिसलं तर लगेच. टॉक्सिक शॉकला, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराला, वेळ देऊन चालत नाही.

घरी तपासायचं तर उजेडात जमिनीवर आरसा ठेवून उकिडवं बसा. मधोमध गुलाबी दोरीसारखं काही आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाट दिसली, तर नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. "फक्त बाहेरून बघा" असं स्पष्ट सांगता येतं. पट्टा बघायला सहसा स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं उपकरण) लागत नाही. तो योनीत खोलवर गेलेला वाटला तर सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगतात, कारण त्यासोबत कधी गर्भाशय आणि मूत्रपिंडाच्या ठेवणीतही फरक असतो. नुसता योनिपटलाचा पट्टा भूल देऊन कापतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात.

आयांचा ठरलेला प्रश्न: टॅम्पॉनने कौमार्य जातं का? नाही. पटल बघून ते कोणालाच सांगता येत नाही. शेजारच्या सेवाग्रामचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा मुद्दा लावून धरला, आणि २०१९मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळायचं ठरवलं. घरोघरी मात्र तो अजून शिकवला जातो.

पट्टा असल्याची शंका असेल तर मेन्स्ट्रुअल कपचा (आत बसवून रक्त साठवणाऱ्या वाटीचा) प्रयोगही तूर्त नको. घडी करून आत गेलेला कप पट्ट्यामागे उघडतो आणि काढायला टॅम्पॉनपेक्षा अवघड जातो. तपासणी होईपर्यंत पॅड किंवा पिरियड पँटी वापरा. शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम भरल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर पुन्हा मिनीपासूनच सुरुवात करा.