८ महिने रेझिस्टर किट वापरलं, एलईडीसाठी सगळ्यात आधी संपला तो १ के

पाव वॅटच्या मेटल फिल्म रेझिस्टरचं किट घेतलं होतं, ३० व्हॅल्यू, प्रत्येकी २० नग. काम मुख्यतः एलईडीचा करंट मर्यादित ठेवण्याचंच. आज १५० ओहमचं पाकीट जवळपास भरलेलं आहे आणि १ के चं (म्हणजे १००० ओहमचं) कधीच संपलंय.

सुरुवातीला मी पण, बरेच जण करतात तसा, एलईडीला २० मिलिअँप करंट धरूनच हिशोब करायचो, ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण २ व्होल्ट वजा, उरले ३, भागिले ०.०२, आले १५० ओहम. सूत्र बरोबरच आहे हो, पण इंडिकेटरला, म्हणजे नुसतं चालू-बंद दाखवणाऱ्या दिव्याला, २० कशाला हवेत? रात्री टेबलावर तो दिवा अक्षरशः डोळ्यात घुसायचा. १ के लावला, ३ मिलिअँप झाले, तरी लख्ख दिसतो! हाय ब्राइट निळ्याला तर मी ४.७ के लावतो.

१२ व्होल्टवर मात्र वॅट बघाच. एका लाल एलईडीला ४७० लावला होता, रेझिस्टरवरच १० व्होल्ट पडतात म्हणजे ०.२१ वॅट, पाव वॅटच्या अगदी जवळ, जळला नाही पण बोट ठेववत नव्हतं. तिथेही १ के, ०.१ वॅट, कोमट सुद्धा नीट लागत नाही. आणि दोन पांढरे एलईडी पॅरलल करून एकच रेझिस्टर लावायची चूक करू नका, माझा एक जास्त उजळ पेटायचा, तो गरम झाला की त्याचा ड्रॉप (त्याच्यावर पडणारे व्होल्ट) उतरतो आणि तो अजून करंट ओढतो. प्रत्येकाला वेगळा लावा, चार पैशांची तर वस्तू.

किटची खरी कटकट म्हणजे ओहम सांगणारे रंग. निळ्या अंगावर पाच पट्टे, तपकिरी, लाल, नारिंगी सगळे सारखेच दिसतात, आणि कुठल्या टोकाकडून वाचायचं तेही कळत नाही. सुटा पडलेला एक मी तपकिरी-नारिंगी-काळा-काळा-तपकिरी असा वाचला, १३० ओहम समजून लावला, एलईडी पेटेचना. एलईडी बदलला, वायरी बदलल्या, शेवटी खोलीतला दिवा बंद केला तर अंधारात बारीकसा लाल ठिपका दिसला. रेझिस्टर उलटा वाचला होता, तो १०० के निघाला! तेव्हापासून मल्टिमीटरवर मोजल्याशिवाय लावत नाही. मोजलेले बाकी सगळे १ टक्क्याच्या आत आले, त्यात तक्रार नाही. पाय मात्र बारीक आहेत, ब्रेडबोर्डमध्ये (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) सैल बसतात.

आता पुन्हा किट नाही घेणार, ३३०, १ के, २.२ के आणि ४.७ के चे शंभर-शंभर सुटे घेतोय.