शाळेची वाट : एकट्याने चालत, सोबतीने, बालरथातून की स्कूटरवर?

गोव्यातील बहुतेक खेड्यांत चौथीपर्यंतची सरकारी प्राथमिक शाळा वाड्यातच किंवा पलीकडच्या वाड्यावर असते. पाचवीपासून मूल हायस्कुलात जाते, आणि हायस्कूल बहुधा मुख्य रस्त्याला लागून किंवा जवळच्या शहरात असते. त्यामुळे मुलाला एकट्याने पाठवावे का हा प्रश्न आपल्याकडे साधारण दहाव्या वर्षी, अगदी ठरल्या वेळी, घरात येतो. आमच्या घरी तो गेल्या जूनमध्ये आला. साखळी शहराच्या बाजूला आमचा वाडा आहे आणि तेथून हायस्कूल सव्वा किलोमीटरवर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे, म्हणजे चालत जाण्याजोगे अंतर कायद्यानेही गृहीत धरलेले आहे. मात्र हे अंतर कोणत्या रस्त्यावरून कापायचे, याविषयी नियम फारसे काही सांगत नाही, आणि माझ्या मते निर्णय तेथेच अडतो.

एकट्याने चालण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मुलांना दररोज 60 मिनिटे अंगमेहनत हवी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्यातली अर्धी जाण्यायेण्यातच होऊन जाते. वेळेचे भान आणि वाटेतल्या माणसांशी बोलण्याची सवय ही तर वेगळी कमाई. अडचण आहे ती रस्ता ओलांडण्याची. येणाऱ्या वाहनाचा वेग अजमावण्याची क्षमता नऊ-दहा वर्षांपर्यंत पुरती पक्व झालेली नसते. मुलाला वाहन किती दूर आहे ते कळते, पण ते किती लवकर येईल ते कळत नाही. एका रविवारी मुलाला घेऊन मी वाटेवरच्या वळणावर उभा राहिलो आणि पावले मोजली. येणारे वाहन तेथून जेमतेम पंचावन्न मीटरवर आल्यावर दिसते. रस्ता सात मीटर रुंद आहे, आणि पाठीवर दप्तर असलेल्या मुलाला तो ओलांडायला सात सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे 117 मीटर पुढे येते. याचा अर्थ असा, की मुलाने पाऊल टाकताना रस्ता मोकळा दिसला, तरी गाडी पोहोचेल तेव्हा ते रस्त्याच्या मध्यावर असेल. यात मुलाच्या शहाणपणाचा दोष कोठेच नाही. तेथून शंभर-सव्वाशे मीटर अलीकडे रस्ता सरळ आहे. तेथेच ओलांडायचे, असे आम्ही ठरवले आणि त्या दिवशी त्याच्याकडून चार वेळा ओलांडून घेतले.

पावसाळ्यात हे गणित आणखी बिघडते. रेनकोटच्या टोपीमुळे मुलाला बाजूचे दिसत नाही, छत्री वाऱ्याने पुढे कलली की समोरचे दिसत नाही, आणि गटार व रस्ता एकाच पाण्याखाली गेल्यावर कडेने चालण्याच्या सल्ल्याला अर्थ उरत नाही. वाटेत व्हाळ (ओढा) आडवा येत असेल, तर जून ते सप्टेंबरसाठी वेगळा निर्णय घ्यावा हे बरे. अनोळखी माणसाची भीती आईवडिलांना सर्वांत मोठी वाटते. ती अनाठायी म्हणता येत नाही, परंतु मुलांवरील अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो. त्यामुळे ‘ओळखीच्या काकांनी गाडीवर बसवले तरी घरी विचारल्याशिवाय बसायचे नाही’ ही सूचना अधिक उपयोगाची आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा फोन क्रमांक पाठ असावा.

सोबतीने जाणे हा मधला मार्ग आहे. जपानमध्ये प्राथमिक शाळेतील मुले अनेक ठिकाणी ठरलेल्या वाटेने गटाने शाळेत जातात आणि मोठ्या वर्गातले मूल पुढे असते. आपल्या वाड्यांवरही पूर्वी असेच होते, फक्त त्याला कोणी योजना म्हणत नसे. याला एक उणी बाजू आहे. गटातले पहिले मूल बघून ओलांडते आणि मागची त्याच्या पाठीकडे बघून. म्हणून गटात निदान एकजण आठवी-नववीतला हवा.

अनुदानित शाळांचा बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस, मला सर्वांत निर्धोक वाटतो, पण तो दाराशी येत नाही. मूल मुख्य रस्त्यावर थांबते, आणि उतरल्यावर बसच्या पुढून किंवा मागून धावत पलीकडे जाते, नेमके तेथेच जपावे लागते. बस निघून जाईपर्यंत जागचे हलायचे नाही, एवढा एकच नियम घालून द्यावा, पण तो मोडू देऊ नये.

आईवडिलांच्या स्कूटरबद्दल थोडक्यात. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे आणि मागे एकालाच बसवता येते. पुढे एक, मागे दोन हे दृश्य रोजचे असले तरी ते नियमात बसत नाही. त्याहून मोठा आक्षेप फाटकासमोरच्या गर्दीचा आहे. आपण आपले मूल सुरक्षित पोहोचवतो आणि चालत येणाऱ्या दुसऱ्याच्या मुलाची वाट अवघड करतो. इंग्लंडमध्ये 1971 साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 80 टक्के मुले एकट्याने शाळेत जात. 1990 पर्यंत ते प्रमाण 9 टक्क्यांवर आले होते. आपल्या गावांत ही घसरण किती झाली, हे कोणत्याही हायस्कुलाच्या फाटकासमोर सकाळी आठच्या आधी दहा मिनिटे उभे राहिल्यास दिसते.

जाणे आणि येणे यांचा निर्णय एकत्र घेतला जातो, ही मला चूक वाटते. सकाळी रस्त्यावर मुले असतात, पदेर (पाववाला) असतो, उघडी दुकाने असतात. दुपारी दीडच्या सुमारास शाळा सुटते तेव्हा ऊन असते, दुकाने जेवणासाठी बंद झालेली असतात आणि मुलाला काही झाले तर हाक मारायलाही कोणी नसते. भटके कुत्रे सावलीत पहुडलेले असतात ती गोष्ट वेगळी. तीच वाट, पण दोन वेगळ्या वाटा समजाव्यात.

आम्ही त्याप्रमाणेच ठरवले. मुलगा सकाळी शेजारच्या नववीतील मुलीबरोबर चालत जातो आणि दुपारी बालरथाने येतो. पहिला आठवडा मी वीस पावले मागे राहून चाललो. तिसऱ्या दिवशी त्याने मागे वळून, ‘बाबा, तुम्ही दिसता’ असे सांगितले. जुलैमध्ये पाऊस फार झाला तेव्हा आठ दिवस मीच सोडले. चतुर्थीची सुट्टी संपली की येतानाही चालायचे का, ते पुन्हा त्याच वळणावर उभे राहून बघणार आहोत.