दाढ काढताना: भुलीचं इंजेक्शन की हुंगायचा वायू?

परभणी-हिंगोलीकडच्या तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात बहुतेकदा एकच सोय असते, ती म्हणजे हिरडीत दिलं जाणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन. माझ्या मते मोठ्या माणसाला तेवढं पुरेसंही आहे. २ टक्के लिग्नोकेनमध्ये थोडं अॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवरच टिकतं. काही मिनिटांत दाढ बधिर होते, ओठ-जीभ मात्र दोन-तीन तास किंवा त्याहून जास्त जड राहतात. तोवर लेकरांना खाऊ देऊ नका, ती नकळत ओठ चावतात. सुईआधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावायला नक्की सांगा. बीपी, हृदयविकार किंवा चालू गोळ्या असतील तर तेही आधीच सांगा. गालावर सूज, पू असेल तर भूल नीट चढत नाही, म्हणून ठणका अंगावर काढू नका.

हुंगायचा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो १८४४ पासून दंतवैद्यकात आहे. नाकावरच्या मास्कमधून तो ऑक्सिजनबरोबर देतात. माणूस शुद्धीत राहतो, पण भीती ओसरते. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत असर उतरतो. खुर्चीत बसायलाच घाबरणाऱ्या लेकरासाठी मी यालाच पसंती देईन. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, गरोदरपणातही शक्यतो टाळतात. यंत्र महाग असल्यानं लहान गावांत तो क्वचितच मिळतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात चौकशी करावी लागते. आणि दाढ काढायची तर वायू घेऊनही सुई बहुधा लागतेच.