लॅपटॉपचं इंटरनेट फोनला: विंडोजच्या मोबाईल हॉटस्पॉटचा आठ महिन्यांचा अनुभव

मी मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. गणित नुसतं ऐकून कळत नाही. माझा हात, पेन आणि वहीवर उमटणारी पायरी मुलांना दिसावी लागते. म्हणून टेबलावर एक स्टँड आहे, त्यात फोन आडवा अडकवलेला, कॅमेरा खाली वहीकडे. मी लॅपटॉपवरून बोलते आणि फोन त्याच वर्गात वेगळा सदस्य म्हणून जोडलेला राहून वही दाखवतो. एवढ्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यावा लागत नाही. फक्त फोनला तासभर न तुटणारं इंटरनेट लागतं.

माझ्या कामाच्या खोलीत अडचण होती ती तिथेच. मोबाईलची रेंज एक काडी, दार लावलं की तीही जाते. राउटर घराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मधल्या भिंती जाड, त्यामुळे त्याचं वाय-फाय इथे येईपर्यंत पार मलूल होतं. खोलीत चांगलं येतं ते लॅनच्या वायरमधून, आणि ती वायर लॅपटॉपला लागते. फोन लॅपटॉपपासून हातभर अंतरावर, पण त्याला मात्र इंटरनेट नाही.

यावर उपाय म्हणून मी विंडोज ११ मधला मोबाईल हॉटस्पॉट वापरायला लागले, त्याला आता आठ महिने झाले. आठवड्यातले सहा दिवस, रोज दोन ते तीन तास. बहुतेक लोकांना फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं माहीत असतं, उलट्या दिशेची ही सोय लॅपटॉपमध्येच आहे हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

सुरू करणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'मोबाईल हॉटस्पॉट'. तिथे दोन गोष्टी विचारल्या जातात: इंटरनेट कुठून घ्यायचं आणि पुढे कशावरून द्यायचं. मी घेते इथरनेटवरून, म्हणजे लॅनच्या वायरीवरून, आणि देते वाय-फायवरून. ब्लूटूथचाही पर्याय दिसतो, पण व्हिडिओसाठी तो विचारातसुद्धा घेऊ नका, त्याचा वेग फार कमी आहे. नेटवर्कला नाव आणि पासवर्ड विंडोज स्वतःच देतं, ते बदलून घ्या. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. नावात स्वतःचं नाव घालू नका, आजूबाजूच्या प्रत्येक फोनच्या यादीत ते झळकत राहतं.

आतमध्ये काय चालतं ते थोडं समजून घेतलं तर पुढचे घोळ सोडवणं सोपं जातं. लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड या वेळी छोट्या राउटरचं काम करतं. फोनला एक पत्ता देतं, फोनची मागणी स्वतःच्या नावावर पुढे पाठवतं आणि आलेलं उत्तर फोनला परत करतं. फोनमध्ये त्या वाय-फायचे तपशील उघडले की गेटवे (म्हणजे बाहेर जायचं दार) म्हणून १९२.१६८.१३७.१ असा आकडा दिसतो. तो दिसला म्हणजे फोन खरोखर लॅपटॉपमार्फतच बाहेर जातो आहे. कधी शंका आली तर मी आधी हाच आकडा बघते.

पहिले पंधरा दिवस मात्र त्रास झाला. तोच इथे नीट सांगायचा आहे, कारण तो टळू शकला असता.

वर्गसमीकरणांचा तास होता. सुरुवातीला वीसेक मिनिटं मी तोंडीच बोलत होते, आलेखाचं चित्र लॅपटॉपवरून दाखवत होते. फोन अजून वर्गात जोडलेला नव्हता, स्टँडवर स्क्रीन बंद होऊन पडला होता. मग वही उघडली, फोनवरून वर्गात शिरले आणि सूत्र मांडायला घेतलं. वर्गमुळाखालची राशी लिहीपर्यंत सगळं ठीक. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वही अडकलीये." मी फोनकडे पाहिलं तर वाय-फायचं चिन्हच नाही, रेंजची एक काडी आणि तिच्या शेजारी फिरणारं चक्र. मी राउटर तपासला, वायर काढून घातली, लॅपटॉपवर सगळं सुरळीत. दहा मिनिटं गेली. मुलं शांत बसून होती याचंच जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी शांतपणे बसून शोधलं तेव्हा कारण कळलं. स्क्रीन बंद असताना फोनने बॅटरी वाचवायला वाय-फाय सोडून दिलं होतं. इकडे विंडोजच्या हॉटस्पॉटमध्ये 'पॉवर सेव्हिंग' नावाचं एक बटण असतं: कुणीही जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट थोड्या वेळाने आपोआप बंद. ते मुळातच चालू असतं. म्हणजे फोन झोपला, त्याने हात सोडला, लॅपटॉपने पाहिलं की कुणी नाही, आणि त्याने दुकान बंद केलं. मी फोन उचलला तेव्हा तो मुकाट्याने मोबाईल डेटावर गेला होता, म्हणून वर्गात शिरता तरी आलं. मग ती एक काडी व्हिडिओच्या ओझ्याखाली दबली.

ते बटण बंद केलं. त्या दिवसापासून या कारणाने एकदाही तास अडला नाही. तुम्ही हॉटस्पॉट सुरू करणार असाल तर नाव बदलायच्याही आधी हे बटण बंद करा. शिवाय वर्गाच्या वेळी मी फोनचा मोबाईल डेटा पूर्ण बंद ठेवते. वाय-फाय गेलं तर फोनने स्पष्ट सांगावं की इंटरनेट नाही, गुपचूप दुसरीकडे सरकू नये.

दुसरा घोळ फोनच्या बाजूचा. फोनला वाटतं की वाय-फाय म्हणजे मोकळं रान. जोडला गेला की तो आठवडाभर साचलेले फोटो वर चढवायला लागतो, ॲप अपडेट करायला लागतो, आणि नेमका त्याच वेळी वहीचा व्हिडिओही वरच जात असतो. सुरुवातीला वहीवरची अक्षरं धुरकट दिसतात अशी तक्रार रोज यायची. ३ आणि ८ मधला फरक मुलांना कळत नव्हता. अँड्रॉइडमध्ये त्या एका नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड' निवडता येतं. म्हणजे हे इंटरनेट मोजूनमापून वापरायचं आहे असं फोनला सांगायचं. ते केल्यावर फोटोंची चढाई थांबली आणि अक्षरं स्वच्छ झाली. आयफोनवर 'लो डेटा मोड' हेच काम करतो.

बँडबद्दलही, म्हणजे वाय-फाय लहरींच्या कोणत्या पट्ट्यात बोलतं त्याबद्दलही, सांगायला हवं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ किंवा जो मिळेल तो, असे पर्याय असतात (कार्डाला ५ जमत असेल तरच तो दिसतो). माझे कानातले हेडफोन ब्लूटूथवर चालतात आणि ब्लूटूथसुद्धा २.४ च्याच पट्ट्यात बोलतं. दोन्ही एकत्र चालू असताना मुलांचा आवाज मधूनच तुटायचा, एखादा शब्द गिळला जायचा. हॉटस्पॉट ५ वर नेला आणि आवाज साफ झाला. ५ ची लहर भिंतीतून नीट जात नाही, पण माझा फोन त्याच टेबलावर असल्याने मला त्याचं काही नाही. तुमचा फोन शेजारच्या खोलीत राहणार असेल, किंवा जुना असून त्याला ५ दिसतच नसेल, तर २.४ ठेवा.

ज्यांच्याकडे वायर नाही, लॅपटॉपलाच वाय-फायवरून इंटरनेट येतं, त्यांनाही हे करता येतं. विंडोज एकाच कार्डावरून घेतं आणि त्याच कार्डावरून देतं. पण एकच माणूस एका कानाने ऐकत दुसऱ्याला सांगत राहिला तर दोन्ही कामं हळू होणारच. मी मुद्दाम वायर काढून करून पाहिलं: फोनवरचा वेग निम्म्याच्या आसपास आला आणि वहीचा व्हिडिओ मधूनमधून थबकायला लागला. मेसेज, मेल, वाचन यांना ते पुरेसं आहे. असं वापरायचंच असेल तर लॅपटॉप ज्या बँडवर जोडलेला आहे तोच हॉटस्पॉटलाही द्या, म्हणजे कार्डाची दोन बँडमधली धावपळ तरी वाचते. तास घेण्यासाठी मात्र मी हा मार्ग सुचवणार नाही.

माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोक नाही, यूएसबीचा अडॅप्टर लावावा लागतो. तो जरा सैल झाला तर फसवणूक होते: हॉटस्पॉट चालूच राहतो, फोनवर वाय-फायचं चिन्हही राहतं, फक्त त्यातून काही येत नाही. फोन 'कनेक्टेड' म्हणतो आणि खाली बारीक अक्षरांत 'इंटरनेट नाही'. तसं दिसलं की फोनशी झटापट करू नका, वायर आणि अडॅप्टर बघा.

लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉटही गेला. पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना झोपायचं नाही आणि झाकण लावलं तरी काही करायचं नाही असं सांगून ठेवलंय. झाकण लावून चालवताना लॅपटॉप गादीवर किंवा बॅगेत ठेवू नका, तो तापतो.

आणखी एक मर्यादा आहे. फोन लॅपटॉपच्या मागे, म्हणजे वेगळ्या छोट्या नेटवर्कमध्ये बसतो. त्यामुळे घरातल्या राउटरला जोडलेला टीव्ही किंवा प्रिंटर फोनला एरवीसारखा आपोआप सापडत नाही. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्ककडे नेणारी सुरक्षित वाट) चालू केलं की फोनही त्यातूनच जाईल, असंही धरून चालू नका. आणि इंटरनेट ऑफिसचं किंवा वसतिगृहाचं असेल तर पुढे वाटायला परवानगी आहे का, ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी ती नसते आणि ती बंदी रास्त असते, कारण तुमच्या हॉटस्पॉटवरून कुणीही काहीही केलं तरी नोंद तुमच्या लॅपटॉपची होते.

बाकी साधनांबद्दल थोडक्यात. बहिणीच्या मॅकवर 'इंटरनेट शेअरिंग' आहे आणि वायरीवरून घेऊन वाय-फायवर देणं त्याला उत्तम जमतं, पण वाय-फायवरून घेऊन वाय-फायवरच देणं जमत नाही. लिनक्सवर वाय-फायच्या सेटिंगमध्येच हॉटस्पॉट सुरू करता येतो. हे काम करून देणारी वेगळी सॉफ्टवेअरंही मिळतात. मी एक मोफतचं घेतलं होतं, त्याने सोबत ब्राउझरमध्ये नको ती शोधपट्टी आणून बसवली आणि ती काढताना एक रविवार गेला. विंडोजमध्ये सोय असताना तिकडे जायची गरजच नाही.

आणि ही सोय एका दिवसात आलेली नाही. एका संगणकाचं इंटरनेट दुसऱ्याला द्यायची व्यवस्था विंडोजमध्ये १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. मधल्या काळात संगणकावर 'ॲड हॉक', म्हणजे राउटरशिवाय थेट साधनांमधलं, नेटवर्क बनवता यायचं, पण अँड्रॉइड फोनला ते दिसायचंच नाही. २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि लॅपटॉप खऱ्या अर्थाने राउटरसारखा वागायला लागला, पण त्यासाठी कमांडच्या काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप कराव्या लागायच्या. मी त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या. आज दिसतं ते एका बटणाचं रूप २०१६ च्या विंडोज १० ॲनिव्हर्सरी अपडेटसोबत आलं. लॅपटॉप विंडोज १० चा असेल तरी तुमच्याकडे ही सोय असायला हवी.

त्या काळ्या खिडकीच्या दिवसांतली एक उणीव मात्र अजून तशीच आहे. लॅपटॉप बंद करून चालू केला की हॉटस्पॉट स्वतःहून सुरू होत नाही. रोज जाऊन चालू करावा लागतो. रोज वापरणाऱ्यासाठी 'लॅपटॉपसोबत सुरू करा' असं एक बटण असायलाच हवं होतं. आठ महिन्यांत मला मनापासून खटकलेली गोष्ट ही एकच, आणि पाचातला अर्धा तारा मी त्यासाठी कापते. आणखी अर्धा त्या पॉवर सेव्हिंगच्या बटणासाठी, कारण ते चालू आहे हे मला एका अडलेल्या तासामुळे कळलं.

म्हणून आता तासाआधी पाच मिनिटं हा क्रम ठरलेला आहे. विंडोजची कळ आणि ए दाबायचं, मोबाईल हॉटस्पॉटवर टिचकी मारायची. मग सेटिंगचं पान उघडं ठेवून फोन जागा करायचा. तिथे जोडलेल्या साधनांची संख्या दिसते, जास्तीत जास्त आठ चालतात. आठपैकी शून्य असं असतं, दोनतीन सेकंदांनी आठपैकी एक होतं आणि खाली माझ्या फोनचं नाव उमटतं. ते नाव दिसल्यावरच मी फोन स्टँडमध्ये अडकवते आणि वहीचं कोरं पान कॅमेऱ्याखाली सरकवते.